'मूळ कॉमिक'ची शपथ नेमकी कोणासाठी?

सुपरहिरोच्या नव्या चित्रपटाची घोषणा झाली की दोन दिवसांत भांडण सुरू होते. नट कोण, पोशाखाचा रंग कोणता, मुखवटा कॉमिकमधल्यासारखा आहे की नाही, खलनायकाचा इतिहास बदलला तर नाही ना. ट्रेलर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. या सगळ्या गदारोळात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्हाला बाकी काही नको, चित्रपट मूळ कॉमिकशी प्रामाणिक हवा."

वाक्य ऐकायला निरुपद्रवी आहे. आपल्यातली अनेक मुले-मुली हे चित्रपट आवडीने पाहतात, त्यावर रात्र रात्र वाद घालतात आणि हे वाक्य तीही सहज बोलून जातात. म्हणूनच त्याची चिकित्सा करायला हवी. "करमणुकीच्या सिनेमावर एवढे डोके कशाला खपवायचे?" असे विचारणारे विचारोत. जगभरच्या कोट्यवधी मुलांना 'नायक' कसा दिसतो हे जी गोष्ट शिकवते, ती बिनमहत्त्वाची कशी असेल?

आधी चाहत्यांची बाजू घेऊ, कारण ती सगळीच चुकीची नाही. ज्याने लहानपणी एखादे पात्र जिवापाड जपले, त्याला ते पडद्यावर बिघडू नये असे वाटणारच. १९८८ मध्ये विनोदी भूमिका करणाऱ्या मायकेल कीटनला बॅटमॅन म्हणून निवडले, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे गेली असे सांगतात. १९८९ चा तो चित्रपट तुफान चालला आणि तेच चाहते कीटनचे भक्त झाले. २००६ मध्ये हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावर पुन्हा तोच आरडाओरडा झाला. त्याच भूमिकेसाठी २००९ मध्ये त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाला. चाहत्यांचा अंदाज चुकला, पण त्यात द्वेष नव्हता. पात्राच्या काळजीपोटी झालेला तो गैरसमज होता. अशा वादाला आपली हरकत असण्याचे कारण नाही.

हरकत पुढे आहे. कॉमिकमधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा, बुटका, केसाळ गडी आहे. २००० सालच्या 'एक्स-मेन'मध्ये तो कोणी केला? सहा फुटांहून उंच, देखण्या ह्यू जॅकमनने. थोडी कुरकूर झाली आणि विरली. पुढची अनेक वर्षे जॅकमन म्हणजेच वुल्व्हरिन हे समीकरण पक्के झाले. मग २०११ मध्ये 'थॉर' आला. त्यात असगार्डच्या दारावरचा पहारेकरी हाइमडाल ही छोटी भूमिका इड्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाने केली. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली. एल्बाने तेव्हा साध्या शब्दांत त्यांची लाज काढली : उडत हातात येणारा हातोडा तुम्हाला चालतो, आणि माझ्या कातडीचा रंग मात्र खटकतो?

२०१५ च्या 'फॅन्टास्टिक फोर'मध्ये मायकेल बी. जॉर्डन जॉनी स्टॉर्म झाला, तेव्हाही तेच. अंगाला आग लागूनही न जळणारा, हवेत उडणारा माणूस पटतो. तो माणूस काळा असणे पटत नाही. तो चित्रपट पडला, कारण तो वाईट होता. पण "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणणाऱ्यांनी खापर कोणावर फोडायचे ते आधीच ठरवून ठेवले होते. तीन वर्षांनी 'ब्लॅक पँथर'मध्ये याच जॉर्डनने खलनायक किलमाँगर असा उभा केला की लोक नायकापेक्षा त्याच्यावर जास्त बोलले.

म्हणजे उंची बदलली तर चालते, चेहरेपट्टी बदलली तर चालते, काळ आणि शहर बदलले तरी चालते. रंग बदलला की मात्र 'मूळ कॉमिक' आठवते. जो नियम एकाच ठिकाणी लागू होतो त्याला नियम म्हणत नाहीत. तो बहाणा असतो.

यावर एक ठरलेला प्रतिप्रश्न येतो : "मग उद्या ब्लॅक पँथर गोरा केला तर चालेल का?" प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की आपण कोंडीत पकडले. उत्तर सोपे आहे. पात्राची एखादी खूण काढून घेतली तर त्याची गोष्ट उभी राहते का, हे पाहा. टी'चाला हा कधीच गुलाम न झालेल्या, वसाहतवाद्यांच्या हाती न लागलेल्या आफ्रिकी राज्याचा राजा आहे. त्याचे आफ्रिकी असणे काढले तर गोष्टच उरत नाही. जॉनी स्टॉर्मची गोष्ट काय आहे? उतावळा, बढाईखोर, बहिणीवर जीव असलेला एक तरुण, ज्याला आगीची शक्ती मिळते. यात गोरेपणाचे काम काय? एका पात्राचा रंग हा त्याचा इतिहास आहे. दुसऱ्याचा रंग हा निर्मितीच्या काळातली निव्वळ सवय आहे. दोन्ही एका तराजूत घालणे म्हणजे समतेच्या नावाखाली विषमतेची राखण करणे.

आता मुळाकडेच जाऊ. जे 'मूळ' एवढे पवित्र मानले जाते, ते होते तरी काय?

१९४० च्या दशकात 'द स्पिरिट' या गाजलेल्या मालिकेत नायकाचा मदतनीस एबनी व्हाइट हा कृष्णवर्णीय मुलगा जाड ओठांचा, मोठ्या डोळ्यांचा, अडाणी बोलीचा थट्टेचा विषय म्हणून काढला गेला. १९४१ च्या 'यंग अलाइज'मधला व्हाइटवॉश जोन्स हा त्याच साच्यातला. ज्या कंपनीचे पुढे मार्व्हल झाले, तिचेच हे कॉमिक. मुख्य प्रवाहातल्या अमेरिकी कॉमिकला पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो मिळाला तो १९६६ मध्ये. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फॅन्टास्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात ब्लॅक पँथर आणला. सुपरमॅन १९३८ चा. मधली २८ वर्षे काळ्या मुलाने स्वतःला कुठे शोधायचे होते? एबनी व्हाइटमध्ये?

म्हणून 'मूळ' म्हणजे काही दैवी वाणी नव्हे. त्या काळात कोणाला माणूस मानले जात होते आणि कोणाला नाही, याचा तो दस्तऐवज आहे. दस्तऐवज जपावा, अभ्यासावा. त्याची पूजा करू नये. जुने लिहिलेले आहे म्हणून ते प्रमाण, हा युक्तिवाद कुठे घेऊन जातो हे या लेखाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रायन कूगलरच्या २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'ने मुळाचे काय केले ते पाहा. कॉमिकमध्ये १९६९ साली एम'बाकू हे पात्र आले ते 'मॅन-एप' या नावाने, पांढऱ्या गोरिलाचे कातडे पांघरून. 'माणूस-माकड' असे नाव आफ्रिकी माणसाला! मुळाशी प्रामाणिक राहायचे तर ते नाव आणि ते सोंग पडद्यावर यायला हवे होते. कूगलरने नाव टाकून दिले. एम'बाकू डोंगरातल्या जबारी टोळीचा स्वाभिमानी प्रमुख झाला, आणि विन्स्टन ड्यूकने तो असा केला की प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडले. दोरा मिलाजे या स्त्रिया कॉमिकमध्ये राजाच्या अंगरक्षक होत्याच, पण भावी राण्यांची उमेदवारीही त्यांच्या माथी होती. चित्रपटात त्या फक्त सैनिक आणि सेनापती आहेत. किलमाँगर कॉमिकमध्ये वकांडातच जन्मलेला. चित्रपटाने त्याला अमेरिकेतल्या ओकलंडचा केला, आणि गुलामीच्या वारशात वाढलेल्या मुलाचा प्रश्न त्याच्या तोंडी आला : तुमच्याकडे एवढे सामर्थ्य होते, मग आमच्यावर अत्याचार होत असताना तुम्ही होतात कुठे? हा प्रश्न मूळ कॉमिकची नक्कल करून आलाच नसता.

ओकलंड हे गाव उगाच निवडलेले नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली ती तिथेच. कॉमिकमधला पँथर त्याच्या काही महिने आधी आलेला, दोघांचा थेट संबंध नाही. पण पार्टीचे नाव गाजू लागले तसे प्रकाशकांना ते जड जाऊ लागले. १९७२ च्या सुरुवातीला 'फॅन्टास्टिक फोर'च्या ११९ व्या अंकात टी'चाला सांगतो की आता मला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणा. राजकारणाचा वास नको म्हणून नाव बदलायचा हा प्रयत्न फार टिकला नाही. पण साल लक्षात ठेवा. १९७२. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने अमेरिकेतल्या त्याच पार्टीपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी केली. ज्या नावाला न्यूयॉर्कची कंपनी बिचकली, ते नाव इथल्या वस्त्यांतल्या पोरांनी छाती पुढे काढून लावले. पात्राची मालकी कागदावर कोणाची असते आणि नावात प्राण कोण भरते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग बदल म्हटला की तो चांगलाच, असे आहे का? अजिबात नाही. इथे आपल्यालाही सावध राहावे लागेल. 'डॉक्टर स्ट्रेंज'मधला एन्शंट वन हा नायकाचा गुरू १९६३ पासून तिबेटी वृद्ध म्हणून रंगवलेला. 'गूढ पौर्वात्य साधू' हा घिसापिटा साचा मोडायचा म्हणून २०१६ च्या चित्रपटात ती भूमिका टिल्डा स्विंटन या गोऱ्या अभिनेत्रीला दिली. साचा मोडायला तिबेटी माणूसच पुसून टाकला! तिबेटी पात्र ठेवले तर चीनची बाजारपेठ दुखावेल, ही भीतीही पटकथाकारांपैकी एकाने बोलून दाखवली होती. आशियाई प्रेक्षकांनी जोरदार टीका केली, आणि तो निर्णय आपले डोळे उघडणारा ठरला असे मार्व्हलच्या केविन फायगी यांना २०२१ मध्ये मान्य करावे लागले.

याच्या शेजारी मँडरिन ठेवा. १९६४ चा हा खलनायक म्हणजे 'पिवळ्या संकटा'ची भीती विकणारे, लांब मिशांचे चिनी बुजगावणे. २०१३ च्या 'आयर्न मॅन ३'ने तो केवळ भाड्याने आणलेला नट निघतो असे दाखवले, तेव्हा चाहते खवळले. पुढे २०२१ च्या 'शांग-ची'मध्ये टोनी लिआंगने त्याच कल्पनेतून वेनवू उभा केला. बायकोच्या विरहात हरवलेला, मुलांवर प्रेम करणारा आणि त्यांनाच चिरडणारा बाप. साचा मोडला, माणूस राखला. एन्शंट वनच्या वेळी हेच करता आले असते.

तेव्हा कसोटी ही : बदल कोणाला माणूसपण देतो आणि कोणाचे काढून घेतो? 'मुळाशी प्रामाणिक' आणि 'मुळापासून दूर' ही भांडणे या कसोटीपुढे दुय्यम आहेत.

आता प्रामाणिकपणाचीच गोष्ट निघाली आहे, तर ती पुरती करू. मुळाशी इतकी निष्ठा असेल, तर ज्यांनी मूळ रचले त्यांच्याशी काय? क्लीव्हलंडमधले जेरी सीगल आणि जो शूस्टर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली दोन पोरे. १९३८ मध्ये त्यांच्याकडून सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला घेतले गेले. सुपरमॅनवर कंपनी गब्बर झाली आणि हे दोघे कफल्लक. सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असे ठरल्यावर सीगलने जाहीर तक्रार केली, व्यंगचित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे १९७५ मध्ये वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि नावाचा उल्लेख मिळाला. बॅटमॅनची जडणघडण करणारा बिल फिंगर १९७४ मध्ये गेला. 'बॅटमॅनचा निर्माता' म्हणून तोवर एकट्या बॉब केनचेच नाव छापले जाई, तसा करारच होता. मोठ्या पडद्यावर फिंगरचे नाव लागायला २०१६ साल उजाडले. तेही मार्क टायलर नोबलमन या लेखकाने अनेक वर्षे कागद धुंडाळले आणि फिंगरची नात पुढे आली म्हणून. जॅक कर्बीच्या वारसांना मार्व्हलशी तडजोड करायला सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जावे लागले, २०१४ मध्ये.

श्रम एकाचे, नाव दुसऱ्याचे, मालकी तिसऱ्याची. बॅटमॅनच्या टोपीचे कान किती लांब हवेत यावर हजार हजार शब्द लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी बिल फिंगरचे नाव घेतले होते? खरी निष्ठा कुठे दाखवायची, ते नोबलमनसारख्या चाहत्याकडून शिकावे.

चाहत्यांच्या संघटित ताकदीचा अलीकडचा सर्वात मोठा दाखला म्हणजे 'स्नायडर कट'. २०१७ मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर झॅक स्नायडर 'जस्टिस लीग'मधून बाहेर पडला आणि जॉस व्हेडनने चित्रपट पुरा केला. आलेला चित्रपट लंगडा होता. चाहत्यांनी तीन-चार वर्षे मोहीम चालवली, त्याबरोबर आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी लाखो डॉलर जमवले, आणि मार्च २०२१ मध्ये चार तासांचा चित्रपट मिळवला. त्यात काय दिसले? २०१७ च्या चित्रपटात सर्वात जास्त कापला गेला होता सायबॉर्ग, म्हणजे कृष्णवर्णीय नट रे फिशरची भूमिका. स्नायडरच्या चित्रपटात तोच कथेचे काळीज आहे. फिशरने २०२० मध्ये सेटवरच्या वागणुकीबद्दल उघड आवाज उठवला होता. त्याचे म्हणणे वजनदार ठरायला त्या चार तासांची मदतच झाली. मोहिमेची दुसरी बाजूही आहे. विरोधात बोलणाऱ्यांना शिव्या, धमक्या, झुंडीने हल्ले. 'रोलिंग स्टोन'ने २०२२ मध्ये छापले की स्टुडिओने करवलेल्या तपासणीत या चर्चेतली किमान १३ टक्के खाती बनावट निघाली.

या झुंडीचे आणखी एक काम म्हणजे चित्रपट न पाहताच त्याचे गुण पाडणे. २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर'चे गुण ठरवून खाली आणण्यासाठी फेसबुकवर जमवाजमव झाली. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' या स्त्री सुपरहिरोच्या चित्रपटावर प्रदर्शनाआधीच एवढी गरळ ओतली गेली की रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनापूर्वीचे अभिप्राय बंद करावे लागले. दोन्ही चित्रपटांनी जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली, तो भाग वेगळा.

चाहता आणि भक्त यांत फरक आहे. चाहता प्रेम करतो आणि प्रश्नही विचारतो. भक्त प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू ठरवतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल जो इशारा दिला, तो राजकारणापुरता होता हे खरे. पण जी मुले पडद्यावरच्या नायकासाठी अनोळखी बाईला रात्रभर शिव्या घालायला शिकतात, ती हीच सवय उद्या मतपेटीपर्यंत घेऊन जाणार नाहीत कशावरून?

आपल्या बाजूच्या एका भाबडेपणावरही बोलायला हवे. पडद्यावर काळा नायक आला, सावळी नायिका आली, म्हणजे क्रांती झाली असे मानू नका. 'ब्लॅक पँथर'ची सव्वाशे कोटी डॉलरहून अधिकची कमाई डिस्नेच्या व्यवसायात गेली. चेहरा बदलला, मालकी बदलली नाही. हे ओळखून १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस, डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय मंडळींनी माइलस्टोन ही स्वतःची कंपनी काढली. छपाई-वितरण डीसीचे, पण पात्रांचे हक्क स्वतःचे. 'स्टॅटिक' त्यातूनच आला आणि पुढे टीव्हीवर गाजला. १९९७ मध्ये कॉमिक छापणे थांबले, पण धडा राहिला : दुसऱ्याच्या गोष्टीत जागा मागणे ही पहिली पायरी, स्वतःचा छापखाना ही पुढची. 'मूकनायक'चा वारसा सांगणाऱ्यांना हे नवे नाही.

शेवटचे उदाहरण अशा चित्रपटाचे, ज्याने हा वादच कथेचा विषय केला. माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा २०११ मध्ये कॉमिकमध्ये स्पायडर-मॅन झाला, तेव्हा "हा आमचा स्पायडर-मॅन नाही" अशी ओरड झाली होती. २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात मराठीसह दहा भाषांत आला. त्यात मिगेल ओहारा सांगतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही दुःखे ठरलेलीच असतात, ती टाळली तर विश्व कोसळेल. 'मुंबॅटन'मध्ये माइल्स एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव वाचवतो आणि गुन्हेगार ठरतो. वर त्याला ऐकवले जाते की तू मुळात स्पायडर-मॅन व्हायलाच नको होतास, तू चुकून झालास. हे वाक्य किती ओळखीचे आहे! चुकून वर्गात आलास, चुकून खुर्चीवर बसलास. माइल्स ते मान्य करत नाही. आपली गोष्ट कशी घडणार हे तो स्वतः ठरवायला निघतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'मूळ कॉमिक'ची शपथ घातली, की भांडायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा नियम तुम्ही उंचीला, वयाला, पोशाखालाही लावता का, की फक्त रंगाला आणि स्त्रीला? या बदलाने कोणाला माणूसपण मिळते आणि कोणाचे जाते? आणि ज्यांच्या मेहनतीवर हे सगळे उभे आहे, त्यांचे नाव आणि दाम कुठे आहे? उत्तरे मिळाली तर उत्तम चर्चा होईल. नाही मिळाली, तर समोरच्याला कॉमिक वाचवायचे नव्हते, जुनी उतरंड वाचवायची होती, एवढे तरी कळेल. सिनेमे जरूर पाहा, आवडले तर टाळ्या वाजवा. मात्र डोके घरी ठेवून जाऊ नका. आणि तुमच्यातल्या ज्यांचा हात चित्रात चालतो, त्यांनी वाट पाहू नये. कागद-पेन्सिल घ्या आणि आपला नायक स्वतः काढा.